राजा घाटावरची पोहण्याची फळी

मी एक फळी बोलतेय. आंब्याच्या लाकडाची, हातभर लांब, पुढून गोलसर तासलेली. मला पाहून कुणालाही वाटेल, मोडक्या पाटाचा तुकडा असेल. पण पाण्यात उतरणाऱ्या माणसांची बोटं मी जितक्या जवळून ओळखते तितक्या जवळून त्यांच्या घरच्यांनीही ओळखली नसतील.

जन्मानं मी नावेतली. काशीला राजा घाटावर घुरहू साहनी नावाचा मल्लाह होता. त्याच्या नावेत यात्रेकरूंना बसायच्या ज्या फळ्या होत्या, त्यांतली मी एक. मणिकर्णिकेच्या जळत्या चितांसमोरून जाताना माझ्यावर बसलेली माणसं एकदम गप्प व्हायची, आणि मुन्शी घाटाशी परत येईपर्यंत पुन्हा मोठमोठ्यानं बोलू लागायची. मला या गोष्टीचं फार नवल वाटे.

पुढे ती नाव जुनी झाली, तळाशी कुजली. घुरहू ती मोडायला बसला होता, तेव्हा जाड चष्म्याचे एक गृहस्थ पायऱ्या उतरून आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ये हमको दे दो."

"बाबूजी, ई पटरा लेके का करबा?"

"तैरना सिखाना है. हमारी घरवाली को."

घुरहूनं हातातली हातोडी खाली ठेवली आणि पोट धरून हसला. त्याचं हसणं बरोबरच होतं. हे गृहस्थ म्हणजे श्रीनिवास. राजा घाटामागच्या गल्लीतल्या मराठी बिऱ्हाडात त्यांचा जन्म झालेला, बँकेत नोकरी. जन्मभर गंगेकाठी राहूनही त्यांना पोहता येत नव्हतं. रोजचं स्नान ते घाटाची साखळी धरून करत. उलट त्यांची बायको कालिंदी वाईची. कृष्णेच्या डोहात वाढलेली. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ती गंगेत इतकी आत गेली होती की घाटावरच्या दोन पंड्यांनी आरडाओरडा केला होता.

स्वातंत्र्य मिळून वीसेक वर्षं झाली होती तेव्हा. कालिंदी रेल्वेच्या हिशेब कचेरीत कामाला होती. रेल्वेचा बायकांचा पोहण्याचा संघ निवडायचा होता, त्याची चाचणी लखनौला उन्हाळ्यात होणार होती. कालिंदीनं नाव दिलं. फ्रीस्टाइल, शंभर मीटर. तिशीला टेकलेली, पाच वर्षांच्या मुलीची आई. कचेरीत कुणी हसलं, कुणी पाठ थोपटली. सासूबाई, सीताबाई, एवढंच म्हणाल्या, "ओले केस घेऊन हापिसात जाऊ नकोस बाई, सर्दी होईल."

सुताराकडून मला तासून, घासून घेतलं गेलं आणि दुसऱ्याच दिवसापासून माझं नवं आयुष्य सुरू झालं. उजाडता उजाडता आम्ही घुरहूच्या दुसऱ्या नावेतून पलीकडच्या वाळूवर जात असू. तिकडे यात्रेकरू नसत. कालिंदी सलवार आणि नवऱ्याचा जुना सदरा घालून पाण्यात शिरे. श्रीनिवास नावेतच बसत, दोन्ही हातांनी कड धरून. शिकवायचं ठरवून आले तरी आधी ते नुसते तिचा टॉवेल सांभाळत, आणि मी नावेत पडून असे. पण बघता बघता तिचं कुठे चुकतंय ते त्यांना दिसू लागलं.

कालिंदी पोहायची ती नदीतल्या माणसांसारखी. डोकं वर, डोळे समोर, हात धपाधप. सुरुवातीला ती अशी सुटे की घुरहू "वाह बहूजी!" म्हणे. पण अर्ध्या वाटेत तिचा दम तुटे आणि हात जड होत.

एक दिवस श्रीनिवास म्हणाले, "अगं, तुझं नाक वर आहे, म्हणून शेपूट बुडतं."

"काय?"

"नावेचं बघ ना. सगळी माणसं मागच्या बाजूला बसली की नाव नाक वर करते. मग हा घुरहू वल्ही मारून मारून पसीना पसीना होतो. तुझे पाय खोल जातायत. डोकं खाली घाल, तळाकडे बघ. पाय आपोआप वर येतील."

"नदीत समोर बघितलं नाही तर आपटेन ना कशावर तरी!"

"लखनौच्या तलावात कशावर आपटणार आहेस तू?"

मग माझी पाळी आली. विद्यापीठाच्या तलावाच्या जाळीबाहेर उभं राहून श्रीनिवासांनी पाहिलं होतं की तिथली मुलं हातात फळी धरून नुसते पाय मारतात. कालिंदीनं मला धरलं, पाय मारले, आणि आम्ही दोघी होतो तिथंच राहिलो. खरं सांगायचं तर थोड्या मागेच गेलो. ती गुडघे मुडपून मारत होती, सायकल चालवल्यासारखी. तिला माझा असा राग आला की तिनं मला वाळूवर भिरकावलं.

"मला नकोय हा पाट. मी काय तान्ही आहे?"

श्रीनिवास वाकून मला उचलून आणत आणि पुन्हा तिच्यापुढे धरत. हळूहळू तिला उमगलं. पाय मारायचा तो कमरेपासून, पावलं सैल सोडून. फेस कमी आणि ढकल जास्त. एका सकाळी मी अशी सरकले की माझ्या पुढच्या कडेला पाणी चिरल्याचा आवाज आला. तो आवाज मी नावेत असताना ऐकला होता, आता तो माझा स्वतःचा होता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

हातांचंही सुधारलं. आधी तिचा हात डोक्यापुढून पलीकडे जाई, त्यानं ती वळवळत जायची. आता तो खांद्यापुढे सरळ जाऊ लागला. एक हात पुढे ताणून ती जरा थांबे, पाणी तिला पुढे नेई, मग दुसरा. घाई कमी झाली आणि वेग वाढला. घुरहू म्हणे, "अब तो पानी को मारती नहीं हैं बहूजी."

पण श्वास काही जमेना.

"मान वर नको करू," श्रीनिवास नावेतून सांगत. "सगळं अंग कुशीवर वळव, त्याच्याबरोबर तोंड वळव. अर्धं तोंड पाण्यातच राहू दे."

कालिंदी करून बघे, पाणी गिळे, खोकत उभी राही. असं कितीतरी दिवस चाललं. चाचणी जवळ येत होती. एका सकाळी ती डोळे लाल करून उभी राहिली आणि ओरडली, "मासा आहे का मी? नावेत बसून सांगायला काय जातं तुमचं! एकदा स्वतः पाण्यात या आणि मग शिकवा!"

घुरहूनं तोंड फिरवलं. कालिंदीला लगेच वाटलं, बोलू नये ते बोलले. पण श्रीनिवासांनी चष्मा काढला, घुरहूच्या हातात दिला, धोतर खोचलं आणि नावेतून उतरले. पाणी गुडघ्यापर्यंतच होतं. तरी ते असे उभे राहिले जणू खाली जमीनच नाही.

"ती पटरी दे इकडे," ते म्हणाले.

त्यांनी मला धरलं. बापरे, ती पकड! दहाही बोटांची नखं माझ्यात रुतली. त्यांनी भरपूर श्वास छातीत भरला, डोळे मिटले आणि तोंड पाण्यात घातलं. क्षणात गुदमरून वर आले. पुन्हा घातलं. पुन्हा वर. कालिंदी जवळ येऊन म्हणाली, "अहो, राहू द्या. मी चिडून बोलले."

"थांब," ते म्हणाले. "बोलू नको. मला बघू दे."

पुन्हा तोंड पाण्यात गेलं. या खेपेला मला माझ्या अंगाखाली बुडबुडे जाणवले. आधी थोडे, मग भराभर. ते वर आले, कुशीला तोंड केलं, आणि श्वास असा सहज आत गेला की त्यांनाच खरं वाटेना. नाकातोंडातून पाणी गळत असताना ते लहान मुलासारखे ओरडले, "मालूम पडलं! कालिंदी, मला मालूम पडलं! आपण श्वास कोंडून धरतो. वर आल्यावर सोडायचा आणि घ्यायचा, दोन्ही एकदम करतो. वेळ कुठे असतो तेवढा? पाण्यातच सोड. सगळा सोडून दे. मग वर फक्त घ्यायचा राहतो!"

कालिंदीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग आडवी झाली आणि पोहत सुटली. गाल पाण्यावर टेकलेला, तोंडाचा एक कोपरा बाहेर, पुन्हा खाली. ती थांबेचना. नावेत घुरहू उभा राहिला. श्रीनिवासांना चष्म्याशिवाय लांबचं दिसत नव्हतं, ते सारखे विचारत होते, "गेली का? अजून जातेय का?"

लखनौला मी होल्डॉलमध्ये गादीत गुंडाळून गेले. तलावाचं पाणी निळं, आरपार दिसणारं. असं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं आणि कालिंदीनंही नाही. बाकीच्या मुली कोवळ्या, शाळा-कॉलेजातून नुकत्या आलेल्या. मी श्रीनिवासांच्या मांडीवर होते. शिट्टी झाली आणि घात झाला. घाबरून कालिंदीनं डोकं वर काढलं. जुनी नदीतली कालिंदी. सगळ्या मुली पुढे गेल्या. श्रीनिवास ओरडले नाहीत. नुसते पुटपुटत राहिले, "खाली बघ, खाली बघ."

भिंतीशी पोचल्यावर वळताना तिचा पाय नीट टेकला. घुरहूच्या नावेला पाय टेकून वळायचा सराव केला तेव्हा दरवेळी नावच पळून जायची. भिंत मात्र जागची हलली नाही. तिथून ती निघाली ती डोकं खाली घालूनच. येताना तिनं एकीला गाठलं, मग आणखी एकीला. पाण्यावर फेसही उठत नव्हता. पण अंतर संपलं.

ती तिसरी आली. निवड दोघींचीच झाली.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून होती. मग श्रीनिवास हळूच म्हणाले, "परतीच्या लंबाईत तुझाच वेग सगळ्यांत जास्त होता. मी बघितलं."

"त्याला काय करायचंय?"

"काही नाही. मी बघितलं, एवढंच."

कालिंदी रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आता उद्यापासून तुम्ही उतरायचं पाण्यात. मी नावेत बसते."

त्या उन्हाळ्यात मी श्रीनिवासांची झाले. ते मला इतकं घट्ट धरत की माझ्या कडा गुळगुळीत झाल्या. कालिंदी काही नावेत बसली नाही. ती त्यांच्या पोटाखाली हात धरून चालत राही. "कंबर सैल सोडा. मी आहे." बँकेतला एवढा मोठा माणूस, पण पाणी छातीपर्यंत आलं की बायकोचं नाव घेई. सीताबाई घरी विचारत, "आज किती पाणी प्यायला माझा बाळ?"

आणि एका सकाळी काय झालं कुणास ठाऊक, त्यांची बोटं माझ्यावरून सुटली. मी बाजूला सरकले. ते पोहत होते. वेडेवाकडे, पण तोंड पाण्यात घालून, बुडबुडे सोडत, अगदी रीतीनं. कालिंदी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती. मग दोघं पाण्यातच हसत सुटले, आणि माझी आठवण कुणालाच राहिली नाही. मी प्रवाहाला लागले. घाटामागून घाट गेले. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण आपली गरज संपल्याचा इतका आनंद मी पुन्हा कधी अनुभवला नाही. घुरहूनं बऱ्याच खाली मला गाठलं आणि वल्ह्यानं ओढून घेतलं.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. कालिंदी पुन्हा चाचणीला गेली नाही, पण आसपासच्या मराठी घरांतल्या लेकीसुना तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. तिची स्वतःची लेक पद्मा माझ्यावरच शिकली. सगळ्या जणी आधी मला दूषणं देत, मग मला विसरत. रविवारी कालिंदी आणि श्रीनिवास जोडीनं पोहत. ती पुढे जाई, थांबे, ते गाठत, पुन्हा ती पुढे. म्हातारपणीही त्यांचं असंच चालू होतं.

श्रीनिवास गेले ते थंडीत, छातीच्या दुखण्यानं. घाटावरून त्यांना नेलं तेव्हा मी घरात खुंटीला होते. त्या वर्षी कालिंदी पाण्यात उतरलीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात एकदा तिनं मला खाली काढलं आणि एकटीच पायऱ्या उतरली. तिचा खांदा आता वर जात नव्हता. तिनं मला पुढे धरलं आणि काठाकाठानं नुसते पाय मारले. एवढ्या वर्षांत तिनं माझ्यावर खरा भार टाकला तो तेव्हा. तिच्या पायांत अजून तीच ढकल होती.

यंदा पद्मा तिला नाशिकला घेऊन गेली. घर रिकामं झालं. मला घुरहूच्या सुनेकडे दिलं. ती घाटावरच्या मुलींना पोहायला शिकवते. मुलींच्या हातात रंगीत, हलक्या फळ्या असतात. मी जड, माझ्या टोकाला चीर गेली आहे. तरी एखादी मला उचलते. माझं बरं चाललं आहे.

निघायच्या सकाळी कालिंदी घाटावर आली होती. माझ्यावरून तिनं हात फिरवला. वरच्या पायरीवर थांबून नदीकडे बघत राहिली. पद्मा म्हणाली, "आई, चल ना, गाडीचा टाइम झाला." ती गेली.

माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. पण नाशिकलाही नदी आहे म्हणतात. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असाल आणि घराच्या जिन्याशी नदीच्या दिशेनं बघत उभी, खांदा आखडलेली एक म्हातारी दिसली, तर तिला हात देऊन तेवढं घाटापर्यंत न्या. पायरीवर बसवा, पाय पाण्यात सोडू द्या. बाकीचं तिचे पाय बघून घेतील.