तिसऱ्या हप्त्याआधी

फोन आला तेव्हा चावीवाला डाव्या मनगटाला गरम पाण्याने शेकत बसला होता. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या यार्डातून मॅडम बोलत होत्या. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेली एक छोटी गाडी होती, तिची चावी मालकाने दिलीच नव्हती. ती नवीन करून हवी होती.

असं काम त्याला वर्षातून आठ-दहा वेळा मिळायचं. या वेळी अडचण अशी, की चावी कातायचं यंत्र ज्या व्हॅनमध्ये बसवलेलं होतं, ती व्हॅन त्याच कंपनीच्या कर्जावर घेतलेली होती. शिडीवरून पडून मनगट मोडलं, काम दोन महिने बंद राहिलं आणि दोन हप्ते चुकले. बायको रसायनांच्या कारखान्यात नमुने तपासायची. तिचा पगार घरभाड्यात आणि दवाखान्यात संपला. तिसरा हप्ता नऊ दिवसांवर आला होता. कंपनीचं पाकीट आठवडाभर कपाटावर तसंच पडून होतं.

"जगाची कुलुपं उघडता, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "आणि एवढंसं पाकीट उघडवत नाही?"

"उघडलं की वाचावं लागतं, आई."

"मग राहू द्या. गाडी घेऊन गेले की आपोआप समजेल काय लिहिलं होतं."

त्याने मनाशी एक बेत करून ठेवला होता, तो कुणालाच सांगितला नव्हता. फारच ताणलं गेलं तर आपणच व्हॅन नेऊन द्यायची, चावी टेबलावर ठेवायची, की कर्ज मिटलं. मग कुणाच्या तरी दुकानात नोकरी करायची.

व्हॅन त्याने यार्डापासून दोन गल्ल्या अलीकडे, लाकडाच्या वखारीमागे लावली आणि हत्यारांची पिशवी घेऊन चालत आत गेला.

बिनचावीच्या गाडीची चावी एका दमात होत नाही. कोरी चावी कुलपात घालून नेटाने फिरवली की आतल्या पट्ट्यांच्या बारीक खुणा पितळेवर उमटतात. खूण असेल तिथे तेवढंच कातायचं, पुन्हा घालायची, नव्या खुणा बघायच्या. एरवी तो हे काम व्हॅनच्या दारात बसून करायचा. आज प्रत्येक वेळी चारशे पावलं जायचं आणि चारशे यायचं. तिसऱ्या फेरीला शर्ट पाठीला चिकटला. चौथ्या फेरीला मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली.

"चावीवाले, व्हॅन आत का नाही आणत? फाटक चांगलं रुंद आहे."

"तेवढंच चालणं होतं."

"तुम्हाला चालायची हौस कधीपासून?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "किती हप्ते राहिलेत?"

त्याने हातातली चावी फडक्याने पुसली. मग म्हणाला, "दोन."

"म्हणजे तिसरा चुकला की नाव माझ्या यादीत. आज नाहीये. तुमची व्हॅन आज इथे आली असती तरी मी तिला हात लावू शकले नसते. उगाच घाम गाळलात."

पाचव्या फेरीला चावी फिरली आणि दार उघडलं. मॅडम आत वाकून सामानाची नोंद करू लागल्या: छत्री एक, मोजपट्टी एक, वाचायचा चष्मा एक, रंगाचे ब्रश सात.

"हे मालकाला मिळतं?"

"सामान मिळतं. गाडीही मिळते, लिलावाआधी थकबाकी आणि वरचा खर्च भरला तर. पण मुळात येतंय कोण? सगळे घाबरून घरी बसतात."

"मॅडम, मी आपणहून व्हॅन आणून दिली तर? कर्ज मिटेल ना?"

त्या इतक्या जोरात हसल्या की फाटकावरच्या पहारेकऱ्याने वळून पाहिलं. "तुम्हीसुद्धा? अहो, मिटतं कसलं! ओढून आणायचा खर्च वाचेल, बस. ती निळी बघा, टेम्पोशेजारची. परवा लिलावात गेली, घेणारा अजून न्यायला यायचाय. येणं होतं त्याच्या निम्मेही आले नाहीत. उरलेले जुन्या मालकाला फेडायचेच आहेत, आणि गाडीही गेली."

चावीवाल्याने निळ्या गाडीकडे बराच वेळ पाहिलं. दोन महिने जपलेला बेत आपण एकदाही तपासून पाहिला नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं.

"मग करू काय?"

"शाखेत जा. उद्याच. तिसरा चुकायच्या आत गेलात तर ते ऐकतात, नंतर फाईल माझ्याकडे येते आणि मला फक्त गाड्या मोजता येतात. डॉक्टरांचा कागद न्या. मुदत वाढवून मागा, म्हणजे हप्ता उतरेल. तेही झेपणार नसेल तर कंपनीची परवानगी घेऊन तुम्हीच गिऱ्हाईक बघा, लिलावापेक्षा भाव बरा येतो. आणि काय ठरेल ते लेखी घ्या. तोंडी गोड बोलतात सगळे."

"उपकार झाले, मॅडम."

"उपकार कसले! माझा चावीवाला बुडाला तर नवा शोधायला मलाच फिरावं लागेल."

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं, बेतासकट. तिने आधी पाकीट उघडलं. आत जवळपास तेच लिहिलं होतं, थोड्या अवघड भाषेत. तिने ते दोनदा वाचलं.

"व्हॅन देऊन टाकणार होतात? मला न विचारता?"

"चुकलं."

"चुकलंच. माझा तपासल्याशिवाय कशावर विश्वास नसतो आणि तुम्ही कर्जाच्या बाबतीत अंदाजाने चाललात!"

"माझी मुलगी आहे ती," सासूबाई आतून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा काढली. शाखेतला अधिकारी तरुण होता, सर्दीने बेजार. त्याने डॉक्टरांचा कागद पाहिला, मागच्या तीन वर्षांचे वेळेवर आलेले हप्ते पाहिले आणि थकलेल्या दोन हप्त्यांसह उरलेलं कर्ज चोवीसऐवजी तीस महिन्यांत बसवून दिलं. म्हणजे आधी हप्त्याला शंभर रुपये जात असतील, तर आता शहाऐंशी.

"एकूण किती जास्त जाणार?" बायकोने विचारलं.

"मॅडम, हप्ता कमी होतोय ना."

"ते दिसलं. एकूण विचारतेय."

त्याने शिंकत शिंकत आकडे मांडले. जुने जवळजवळ दोन हप्ते जास्त. तिने कागदाच्या मागे स्वतः गुणाकार करून पाहिला, बरोबर आला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "महाग आहे, पण झेपेल. करा सही."

सही-शिक्क्याची प्रत घेऊन दोघं बाहेर आली, तोच त्याचा फोन वाजला. कुणी शिक्षिका घराबाहेर अडकली होती, चावी आतच राहिलेली.

"वीस मिनिटांत पोचतो," तो म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "तुला आधी घरी सोडू का?"

"कशाला? मनगट दुखतंय ना. मी येते."

तिसऱ्या मजल्यावर उजेड कमी होता. बायको पायरीवर बसून कुलपाशी विजेरी धरून राहिली. तो मन लावून काम करत होता आणि शिक्षिका दोघांना आपल्या वर्गातल्या सगळ्यात वांड पोराचे किस्से सांगत होती. एका किश्श्यावर बायको इतकी हसली की उजेड हलला.

"हात स्थिर," तो कुलपातून नजर न काढता म्हणाला.

"मग बाईंना सांगा, कमी हसवा म्हणून," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी विजेरी घट्ट धरली.