क्लोटील मावशीच्या अंगावरचा पत्रा

मी एक पत्रा बोलतोय. लगेच नाक मुरडू नका, छपरावरचा नाही, छातीवरचा. खांद्यांवरून अडकवायचा, पोटापर्यंत येणारा पन्हळी पत्रा. दोन हातांत दोन चमचे घेऊन मला खरवडलं की खर्र-खट्, खर्र-खट् असा ठेका निघतो. अमेरिकेतल्या लुइझियानात झायडेको नावाचं संगीत वाजतं, त्यावरचा नाच आमच्याशिवाय होत नाही. मिरवतो तो अकॉर्डियन, पण पाय हलवतो मी. हे त्याच्या तोंडावरही सांगेन.

मला घडवलं ओपलूसस गावच्या अल्सी गिलरीने, बायकोच्या वाढदिवसाला. लोक बायकोला माळ देतात, याने पत्रा दिला. क्लोटीलबाईने मला अंगावर चढवलं, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "पोट झाकलं जातंय, बरं झालं."

पुढची तीस वर्षं दर शनिवारी नाचघरात मी तिच्या अंगावर. तिचं एक ठाम मत होतं: लोक बसून राहिले तर चूक वाजवणाऱ्याची. कुणी खुर्चीत टेकलेला दिसला की ती थेट त्याच्या पुढ्यात जाऊन मला असं काही खरवडायची, की तो बिचारा तोंडातला घास कसाबसा गिळून उठायचाच.

तिचा भाचा ऑनरे संगीत शिकायला शहरात गेला आणि ना घर का ना घाट का झाला. व्हायोलिनं, चर्चची गाणी आणि आमचा ठेका एकाच भांड्यात शिजवायचा त्याला नाद. शहरवाले म्हणत, "हे नाचघरातलं." नाचघरवाले म्हणत, "कुणाचं मयत आहे रे?" वीस वर्षं त्याची एकही मोठी रचना कुणी वाजवली नाही. बिचारा लोकांचे पियानो सुरात लावत फिरायचा.

अखेर न्यू ऑर्लीन्सच्या एका वाद्यवृंदाने होकार दिला. रविवारी दुपारी एक प्रयोग. लोकांना आवडला तर पुढचं काम, नाही तर कायमचा नमस्कार.

"मावशी, पत्रा तूच वाजवायचास," ऑनरे म्हणाला.

"शहरातले वाजवणारे मेले काय?"

"ते कागद बघून वाजवतात गं. फक्त एक कर, पहिली नऊ मिनिटं गप्प बस. वाद्यवृंदाच्या संचालकांनी काठीने खूण केली की सुरू."

"नऊ मिनिटं? माझं लग्न याहून लवकर लागलं."

तालमीत ती शहाण्यासारखी बसली, कारण समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

रविवारी सभागृह भरलं. व्हायोलिनं सुरू झाली. लोक मांडीवर हात ठेवून गप्प. एक मिनिट झालं, दोन झाली, कुणी हलेना. मावशीची चुळबुळ सुरू झाली. तिने शेजारच्या नगारेवाल्याला कोपराने ढोसलं. "हे हलत का नाहीत?"

"ऐकताहेत, बाई. गप्प बसा."

"ऐकताहेत कसले! बुडाला माझा पोरगा."

आणि चौथ्या मिनिटाला ती उठली. मी मनात ओरडलो, "बस गं बाई, बस!" पण पत्र्याचं कोण ऐकतं? खर्र-खट् करत ती रंगमंचाच्या कडेपर्यंत गेली. संचालकांची काठी हवेतच थांबली. पहिल्या रांगेतल्या ऑनरेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वीस वर्षांचं वाट बघणं आणि त्यावर पाणी फिरवणारा मी. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

संचालकांनी मावशीकडे रागाने पाहिलं. मावशीनेही त्यांच्याकडे पाहिलं, ठेका चुकलेल्या अकॉर्डियनवाल्याकडे बघायची तसं. मग त्यांनी कान दिला, भुवया वर गेल्या आणि काठी आमच्या ठेक्यावर खाली आली. सगळं चपखल बसत होतं. बसणारच! ऑनरेने ती नऊ मिनिटं मावशीच्याच ठेक्यावर रचली होती, फक्त ठेका मनात ठेवून. लहानपणापासून तिच्या स्वयंपाकघरात दुसरं काही ऐकलंच नव्हतं त्याने.

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा बूट हलायला लागला. बायकोने त्याला डोळे दाखवले, मग तिचीही मान डोलली. शेवटी अख्खं सभागृह उभं होतं.

"माझाच ठेका आणि मलाच गप्प बसवतोस?" मावशीने नंतर ऑनरेला झापलं. तो हसत होता आणि रडतही होता.

त्याने कागदावर माझ्यासाठी लिहिलेली नऊ मिनिटांची शांतता खोडली आणि तिथे लिहिलं, "लोक बसलेले दिसतील तेव्हा." आता ती रचना गावोगाव वाजते. मावशीला जाऊन दोन वर्षं झाली. मी मखमलीच्या पेटीतून प्रवास करतो, शिकलेल्या मंडळींच्या अंगावर चढतो. ते ऑनरेला विचारतात, "नेमकं कितव्या मात्रेला उठायचं?" तो म्हणतो, "समोर बघा." ते पुन्हा कागदात बघतात.

तेव्हा तुम्ही आलात तर माझं एवढं ऐका. सुरुवातीला हट्टाने बसून राहा, अजिबात हलू नका. पहिल्या रांगेत तोंड झाकून एक पांढऱ्या केसांचा माणूस बसलेला असेल. आपली मावशी मधेच उठेल, म्हणून तो अजूनही वाट बघतोय.