जागचा न हलवलेला दिवा

सातव्या दिवशी संध्याकाळी आमच्या खांदा कॉलनीतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चपला काढायला जागा नव्हती. समोरच्या काशीरामभाऊंच्या हॉलमध्ये माणसं खेटून बसली होती आणि सगळ्यांची नजर एका प्लॅस्टिकच्या दिव्यावर होती. दिवा विझलेला. दीनानाथबुवा माळ ओढत पुटपुटत होता. मग त्यानं खर्जात विचारलं, "काशीराम, आलास का?"

कुणीही हात न लावता दिवा लागला.

मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. भुताखेतांची टिंगल करण्यात माझा हात कुणी धरला नसता. तरी माझ्या अंगावर काटा आला आणि मीही हात जोडले, हे आधीच कबूल करते. चार-पाच सेकंदांनी दिवा विझला, आणि काशीरामभाऊंची बायको शकूबाई ओरडली, "आले! आले ते!"

काशीरामभाऊ मूळचे गव्हाणचे. आयुष्य मिठागरात गेलं, म्हातारपण मुलाच्या फ्लॅटमध्ये. गेले त्या रात्री रिवाजाप्रमाणे त्यांच्या जागी तेलाचा दिवा ठेवला, तर पंख्यानं तो दोनदा विझला. शकूबाई घाबरली. मग मुलानं, हरेशनं, वडिलांचाच चार्जिंगचा दिवा मंद करून तिथं ठेवला. मयताचा दिवा दहा दिवस जागचा हलवायचा नाही, म्हणून त्याला पुन्हा कुणी हात लावला नाही. तीन दिवस तो नीट जळला. चौथ्या दिवशी विझला, आपोआप लागला, पुन्हा विझला. पाचव्या दिवशी बुवा हजर!

बुवाची भाषा ऐकण्यासारखी होती. "आत्म्याची एनर्जी आहे ही. मी फक्त कनेक्शन जोडतो. लागला तर हो, नाही लागला तर नाही." रोज मंत्र लांबत चालला होता. का, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाला, "काशीराम दूर चाललाय. रेंज कमी मिळते."

हसू आलं असतं, पण आठव्या दिवशी त्यानं विचारलं, "काशीराम, तुला सुनेच्या पायगुणानं नेलं का?" दिवा लागला. "ती घरात असेपर्यंत तू सुटणार नाहीस ना?" बुवानं पुन्हा माळ ओढली. दिवा पुन्हा लागला. मग दिवा विझता विझता घाईनं विचारलं, "पोर तिच्याबरोबर जावी का?" अंधार. म्हणजे नाही. दहाव्याच्या आत सुनेनं, मनिषानं, बेलपाड्याला माहेरी जायचं आणि चार वर्षांच्या लेकीला, आभाला, इथंच सोडायचं, असं ठरलं. हरेश मान खाली घालून बसला होता. बुवा आला त्या दिवशी या मनिषानंच त्याला दारात विचारलं होतं, "तुम्हाला कुणी बोलावलं?"

नवव्या दिवशी सकाळी ती मला जिन्यात भेटली. हातात बॅग होती.

"अगं, तू तळोज्याला बॅटऱ्यांच्याच कंपनीत आहेस ना?" मी विचारलं. "हा काय प्रकार आहे?"

"मी टेस्टिंगलाच आहे, काकू. रोज शंभर पॅक तपासते." ती पायरीवर बसली. "सेलवर नखाएवढी सर्किटची पट्टी असते. सेल फार उतरला तर बिघडतो, पुढं चार्जिंगला लावल्यावर पेटूही शकतो. म्हणून ठरावीक पातळीच्या खाली गेला की पट्टी वीज तोडते. दिवा विझतो. दिव्याचा भार गेला की सेल जरा सावरतो, व्होल्टेज वर येतं, पट्टी पुन्हा जोडते. दिवा लागला की सेल परत खाली बसतो, पट्टी परत तोडते. दर वेळी सावरायला जास्त वेळ लागतो."

"म्हणून मंत्र लांबतोय! त्याला 'हो' हवं असलं की तो माळ ओढत वेळ काढतो, 'नाही' हवं असलं की विझल्या विझल्या विचारतो. आणि हे कळत असून तू गप्प?"

तिनं बॅग पायाशी ठेवली. "त्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, 'पोरी, दिवा चार्जिंगला लाव.' मी म्हटलं, संध्याकाळी लावते, उशीर होतोय. संध्याकाळी ते नव्हते. मला सगळं कळतं, काकू. पण दिवा विझला की वाटतं, मलाच बोलतायत."

मला भयंकर राग आला. बुवाचा आला आणि हात जोडणाऱ्या माझाही. "मेलेला माणूस तुला बोलत नाहीये. जिवंत आभा तुला हाक मारतेय. ती बॅग वर ने आधी."

संध्याकाळी बुवानं माळ काढली तशी मनिषा पुढं येऊन बसली. "आज कुणी काही विचारायचं नाही. मंत्र नाही, काही नाही. नुसतं बसायचं." दिवा विझल्याबरोबर तिनं मोबाइलवर घड्याळ लावलं. हॉलमध्ये इतकी शांतता, की शकूबाईचा श्वास ऐकू येत होता. सहा मिनिटं दहा सेकंदांनी दिवा लागला. विझला. पुन्हा सगळे थांबलो. सहा मिनिटं वीस सेकंदांनी दिवा पुन्हा लागला.

"बाबांना कुणी काही विचारलं नाही," मनिषा म्हणाली. दिवा विझला होता. "बुवा, आत्ता लावून दाखवा."

बुवानं डोळे मिटले, घसा खाकरला, तीन देवांची नावं घेतली. अंधारच.

मग तिनं दिवा न हलवता त्याला चार्जरची वायर जोडली. थोड्या वेळानं तो लागला आणि लागलेलाच राहिला. "तेलाच्या दिव्यात आपण रोज तेल घातलं असतं. याला कुणी काही घातलंच नाही. आता विचारा काय विचारायचंय ते. आता कायम 'हो'च येईल."

"तुम्ही कनेक्शन तोडलंत!" बुवा उठला. चपलांच्या ढिगात त्याला स्वतःची चप्पल सापडेना, कुणी शोधूनही दिली नाही.

मला वाटलं, आता लोक टाळ्या वाजवतील. कुणी वाजवल्या नाहीत. शकूबाई त्या स्थिर उजेडाकडं बघत होती.

"मंग ते बोलत नव्हते?" तिनं विचारलं. "कालपन नाय?"

"नाही, आई."

"मी रोज बसायची. म्हनलं, घरातच हायत."

"नव्हते, आई. बाबा गेले."

नऊ दिवसांत पहिल्यांदा ती म्हातारी रडली. सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून, लहान पोरीसारखी. हरेश तिथंच भिंतीला टेकून रडत होता, आणि मग मनिषाही.

वाचकहो, त्या रात्री काशीरामभाऊ त्या घरातून खरे गेले, आणि ते फार जड गेलं. बुवाचा धंदा याच जडपणावर चालतो. आपल्याला निरोप घ्यायचा नसतो, आणि तो आपल्याला निरोप आणून देतो. तुमच्या घरी अशी वेळ आली तर एकच करा. मेलेल्याचं उत्तर कुणी ऐकवू लागला, तर त्याला गप्प बसवा, घड्याळ लावा आणि जाणकाराला विचारा. एका विझणाऱ्या सेलच्या भरवशावर एक आई आपल्या लेकीपासून तुटणार होती. आम्ही साठ शिकलेली माणसं हात जोडून ते बघत बसलो होतो.