शून्याने सुरू होणारा पिन

"हा तिसरा दिवा का रे?" आईने गाडीत बसल्या बसल्याच विचारलं.

"दीपगृह म्हणतात, आई. आणि दुसराच."

"थर्ड, डॅड," मागच्या सीटवरून माझी लेक अनया म्हणाली.

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सगळ्यात लहान राज्य. एका दिवसात अख्खं बघून होतं आणि माझ्या हातात तेवढाच दिवस होता. दुसऱ्या दिवशी आईचं फ्रीमाँटचं विमान. तिथे, पार पश्चिम किनाऱ्यावर, माझा धाकटा भाऊ देवदत्त, आमचा देवा, असतो. आईचं ग्रीन कार्ड आल्यापासून ती कायमची कुणाकडे राहणार, हे कुणीच मोठ्याने विचारत नव्हतं. मी मात्र सकाळी आठलाच गाडी काढली होती.

"गुरू, आईंना फिरवतोयस की इलेक्शनला उभा राहिलायस?" माझ्या बायकोने, आसावरीने, दारातच टोमणा मारला होता.

खरं सांगायचं तर देवाचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं, आणि हे दुखणं लहानपणापासूनचं आहे. आई चार महिने त्याच्याकडे राहून आली आणि आता प्रत्येक वाक्य "आमच्याकडे फ्रीमाँटला" असं सुरू करत होती. आमच्याकडे! आपल्याकडे नव्हे. त्या एका शब्दात ती आणि देवा आत आणि मी बाहेर.

"समुद्र छान आहे हो तुमचा," कठड्याला धरून ती म्हणाली. "आमच्याकडे फ्रीमाँटला देवा रोज मला चहा करून देतो."

"मीही दिला की सकाळी."

"तू टी-बॅग बुडवलीस."

आईने एकतीस वर्षं नाशिकच्या पोस्टात पिनप्रमाणे टपाल लावलं. गावाचं नाव काढलं की तिच्या तोंडून पिन कोड येतो. माझ्याकडे आली त्या दिवशी टपालपेटीवरचा पत्ता वाचून ती थबकली होती. "अगबाई, तुमचा पिन शून्याने सुरू होतो? असं पाकीट आलं तर चुकीच्या पत्त्याचं म्हणून आम्ही बाजूला काढायचो. देवाचा बघ, नऊने. नऊ म्हणजे फौजेचा!" ती गमतीत बोलली होती, पण मला लागलं ते लागलंच.

दुपारी न्यूपोर्टला पोचलो. समुद्राकाठी जुन्या शेठ लोकांच्या हवेल्या आहेत, तिकीट काढून बघायच्या. "सत्तर खोल्या आहेत आई, आणि राहायचे फक्त उन्हाळ्यात दोन महिने," मी तिला सांगितलं.

"मग बाकी वर्षभर?"

"कुलूप."

नाशिकचा सिडकोतला फ्लॅट गेल्याच वर्षी आम्ही विकला होता. आयुष्यात माझं आणि देवाचं एकमत झालं ते तेवढ्या एका गोष्टीवर.

पाहुणे कुठून येतात याची नोंद ठेवायला तिकिटाच्या खिडकीतली बाई प्रत्येकाला झिपकोड विचारत होती. आमची पाळी आली तसं मी आईला पुढे केलं. मुद्दामच. शून्य की नऊ, एकदाचं कळू दे.

"आई, तुझा पिन विचारतायत."

आईने साडीवरचा स्वेटर सारखा केला आणि एकेक आकडा खणखणीत सांगितला. "फोर, टू, टू, झीरो, झीरो, नाइन."

बाईची बोटं थांबली. "वन डिजिट टू मेनी, मॅम," ती हसून म्हणाली. "ओन्ली फाइव्ह."

मी चटकन पुढे झालो. माझं शून्य अगदी ओठांवर आलं होतं. पण आईने माझ्या दंडावर हात ठेवला. पत्ता अर्धवट असलेलं पाकीट हातात आल्यासारखी ती क्षणभर विचारात पडली होती.

"तिला म्हणावं, शेवटचा नऊ काढ," ती हळूच म्हणाली. "घरापर्यंत नाही जायचं पत्र, पण नाशकापर्यंत तरी पोचेल."

मी खिडकीत वाकलो आणि बाईला सावकाश पाच आकडे सांगितले. चार, दोन, दोन, शून्य, शून्य.