वार्तापत्रात छापलेली चिठ्ठी

मी तिसरीच्या वर्गातली प्रश्नपेटी बोलतेय. खरं तर बोलणं हे माझं कामच नाही. पोटात घ्यायचं आणि गप्प बसायचं, एवढ्यासाठीच मला घडवलं. पण जे झालं त्यानंतरही गप्प राहिले, तर त्यात माझाही हात होता असंच सगळे धरून चालतील. म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते.

शाळेच्या मागच्या शेडमध्ये एका मोडक्या बाकाच्या फळीतून सुतारकाकांनी मला कापलं. रंधा मारला, बिजागऱ्या बसवल्या, झाकणाला अरुंद फट पाडली आणि पुढे छोटं पितळी कुलूप लावलं. तिसरीच्या बाई शेजारीच उभ्या होत्या.

"फट मोठी नको हं काका. कोणाचं बोट आत जाता कामा नये."

"एवढं काय जपून ठेवणार आहात बाई यात?"

"मुलांचे प्रश्न," बाई म्हणाल्या. काका हसले. बाई मात्र हसल्या नाहीत, आणि मला त्या तिथेच आवडल्या.

वर्गात खिडकीखालच्या फडताळावर मला जागा मिळाली. पहिल्याच दिवशी बाईंनी मुलांना समजावलं, "हात वर करून जे विचारायची लाज वाटते, ते लिहून यात टाकायचं. नाव घालायचं नाही. दर शुक्रवारी पेटी मी एकटी उघडणार. उत्तर सगळ्या वर्गाला सांगणार, पण प्रश्न कोणाचा ते कोणालाच नाही. अक्षरावरून मला कळलं, तरी मला कळलेलं नाही. आणि उत्तर देऊन झालं की चिठ्ठी फाडून टाकणार."

"शप्पथ?" मागच्या बाकावरून आवाज आला.

"शप्पथ," बाई म्हणाल्या.

पहिले दोन आठवडे माझ्या पोटात पेन्सिलीची साल आणि चॉकलेटचा कागद, याखेरीज काही पडलं नाही. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत एक चिठ्ठी आली. 'मला घड्याळ कळत नाही. सगळ्यांना कळतं. मी नुसती मान हलवते.' शुक्रवारी बाईंनी पुठ्ठ्याचं मोठं घड्याळ आणलं आणि काही झालंच नाही अशा थाटात म्हणाल्या, "आज आपण घड्याळ अगदी पहिल्यापासून शिकू या." तेव्हा एकीचाच नाही, निदान दहाबारा जणांचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला. मान हलवणारी ती एकटी नव्हती तर!

त्यानंतर मला उसंत म्हणून मिळाली नाही. 'वजाबाकीत शेजारच्याकडून दहा घेतो ते परत का देत नाही?' 'माझ्या वहीत बघणाऱ्याला मी मुद्दाम चूक उत्तर दाखवलं तर ती माझी चूक की त्याची?' 'मला मोठ्याने वाचता येतं, मनात वाचता येत नाही. मनात आवाज कोणाचा असतो?' बाई एकेक प्रश्न असा उचलायच्या की शुक्रवारचा तास संपूच नये असं पोरांना वाटायचं. पुस्तकातला धडा मागे राहायचा, पण वर्गाचं डोकं पुढे जायचं.

आता त्या मुलीबद्दल सांगते. उंच, काटकुळी, म्हणून वर्ग तिला पेन्सिल म्हणायचा. वर्गात ती फारसं बोलत नसे. तिची पहिली चिठ्ठी मला आजही पाठ आहे.

'माझ्या बाबांना वाचता येत नाही. हे कोणालाच माहीत नाही. ते गोदामात आहेत. खोक्यांचे रंग लक्षात ठेवून माल काढून देतात. ते म्हणाले मला शिकव. मी अ पासून सुरू करू का?'

बाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग शुक्रवारी वर्गाला म्हणाल्या, "समजा, आपल्याला एखाद्या मोठ्या माणसाला वाचायला शिकवायचंय. तर अक्षरापासून नाही, शब्दापासून सुरू करायचं. त्याच्या रोजच्या कामातला शब्द घ्यायचा." पेन्सिल खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होती. तिचे कान लाल झाले होते.

मग दर आठवड्याला तिची चिठ्ठी ठरलेली. 'साखर आली. साबण आला. खिळे आले.' 'जोडाक्षर कसं समजावू? बाबा म्हणतात एकावर एक रचलेली खोकी आहेत.' 'आता बाबा माझं अक्षर भराभर वाचतात. छापलेलं वाचायला वेळ लागतो.' मला तर वाटायचं, या वर्गात बत्तीस नाही, तेहतीस विद्यार्थी आहेत.

बाईंच्यानं त्या चिठ्ठ्या काही फाडवल्या नाहीत. बाकीच्या फाडायच्या, पण पेन्सिलीच्या आणि आणखी चारदोन आवडत्या चिठ्ठ्या त्या परत माझ्यातच ठेवून कुलूप लावायच्या. मला त्याचं कौतुकच वाटलं. अहो, जपण्यासारखं आहे म्हणून जपतायत, दुसरं काय! शपथ तिथेच अर्धी मोडली होती, हे माझ्या लाकडी डोक्यात शिरलं नाही.

पहिलं सत्र संपत आलं तशी शाळेच्या वार्तापत्राची घाई सुरू झाली. एका दुपारी मुलं गेल्यावर मोठ्या बाई वर्गात आल्या.

"चौथीने पाणी गाळायच्या यंत्राचे फोटो दिले. दुसरीने पानांचा संग्रह दिला. तुमचं पान कोरं. सत्रभर शिकवलंत काय, ते पालकांना दिसायला नको?"

"आमच्याकडे दाखवण्यासारखं काही... आमचं सगळं बोलण्यातच झालं हो."

"बोलणं छापता येत नाही. उद्या दुपारपर्यंत द्या काहीतरी."

त्या गेल्या. बाई उठल्या आणि माझ्या कुलपात किल्ली फिरवली. शुक्रवार नव्हता. तरी माझं कुलूप मुकाट्याने उघडलं.

बाईंनी सहा चिठ्ठ्या निवडल्या. पेन्सिलीची पहिली चिठ्ठी हातात आली तेव्हा थबकल्या. बाजूला ठेवली. दुसरी घेतली, परत तिच्याकडे वळल्या. "नाव तर कुठेच नाही," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "आणि यात वाईट काय आहे? कौतुकच आहे." एवढं बोलून त्यांनी ती चिठ्ठी सगळ्यांत वर ठेवली. ओरडता आलं असतं तर मी तेव्हा ओरडले असते.

निकालाच्या दिवशी पालक वर्गात आले. प्रत्येकाला प्रगतिपुस्तक आणि सोबत वार्तापत्र. तिसरीचं पान सगळ्यांत देखणं झालं होतं. मोठ्या बाईंनी हौसेने चिठ्ठ्यांचे फोटोच छापले होते, मुलांच्या अक्षरात, जसेच्या तसे. वर मथळा होता, 'आमचे निरागस प्रश्न'.

पेन्सिलीचे बाबा माझ्या फडताळापाशीच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, ओले करून बसवलेले केस. त्यांनी पान उघडलं. मथळ्याखाली बोट ठेवून ते अक्षर अक्षर लावू लागले. नि... रा... तेवढ्यात नजर खाली घसरली. खालचं अक्षर छापील नव्हतं. ज्या अक्षरावरून ते वाचायला शिकले, तेच अक्षर होतं. त्यावर त्यांचं बोट अडलं नाही. एका दमात वाचून झालं. छापलेल्या पानावर कुठेही न अडता त्यांनी वाचलेला तो आयुष्यातला पहिला मजकूर.

पलीकडच्या बाकापाशी त्याच गोदामाचे सुपरवायझर उभे होते. त्यांची मुलगीही याच वर्गात. ते हसत हसत बायकोला म्हणाले, "हे बघ काय गोड लिहिलंय. खोक्यांचे रंग लक्षात ठेवून म्हणे! अगं, आमच्याकडेही..." त्यांनी मान वर केली, समोर पेन्सिलीचे बाबा दिसले आणि वाक्य तिथेच राहिलं. मग जवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे एवढी वर्षं तुम्ही पावत्या न वाचताच सह्या करत होतात?"

"मोजून घेत होतो, साहेब. एक खोकं चुकलं नाही कधी."

"ते ठीक आहे हो. पण मला वर सांगावं लागेल."

बाई धावत आल्या. "माझं जरा ऐका, आम्ही नाव कुठेच..."

बाबांनी वार्तापत्राची नीट घडी घातली. आवाज चढवला नाही. "तुमच्याबद्दल घरी रोज ऐकायचो, बाई. आभाराची चिठ्ठी लिहायला घेतली होती तुम्हाला. दोन ओळी झाल्याही होत्या." एवढं बोलून ते दाराकडे निघाले.

पेन्सिल मात्र हलली नाही. तिने बाईंकडे पाहिलं नाही, सुपरवायझरांकडेही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या लेखी चहाडी मीच केली होती. सांगायला ती माझ्याकडेच तर आली होती!

सुट्टीनंतर शाळा भरली. सुपरवायझरांच्या मुलीकडून वर्गाला कळलं की पेन्सिलीच्या बाबांना आता माल काढून देण्याच्या कामावरून हलवून ट्रक उतरवायला लावलंय. त्या दिवशी बाईंनी पेन्सिलीला मागे थांबवलं.

"मी नाव नव्हतं गं दिलं."

"हो, बाई."

"तुझा मला इतका अभिमान वाटला, म्हणून..."

"हो, बाई."

"बाबांचं वाचन कुठपर्यंत आलं?"

"ते म्हणाले, पुरे आता."

"रागावलीस माझ्यावर?"

"नाही, बाई."

बाईंना रडू आवरेना. पेन्सिल दप्तर घेऊन निघून गेली. बाई चांगल्या आहेत, हे मला आजही माहीत आहे. म्हणून तर जास्त लागतं. वाईट माणसाने कुलूप फोडलं असतं, तर निदान फुटलेलं कुलूप दाखवता आलं असतं. इथे किल्लीनेच दगा दिला.

त्या सत्रातही मी भरतच होते. पण कशाने? 'सूर्य रोज न थकता कसा उगवतो?' 'पक्षी आकाशात नकाशाशिवाय कसे फिरतात?' सुवाच्य अक्षर, चारही बाजूंनी नक्षी, खाली नाव आणि हजेरी क्रमांक. काहींवर तर आईच्या हाताचं वळण सरळ दिसायचं. सगळे प्रश्न छापून येण्यासाठी नटूनथटून आलेले. अडलं म्हणून विचारलेला एकही नाही. शुक्रवारी बाई झाकण उघडायच्या, चाळायच्या आणि बंद करायच्या. पुढे पुढे उघडेनाशा झाल्या.

आता मी कार्यालयाबाहेरच्या टेबलावर असते. माझ्यावर 'सूचनापेटी' असा कागद चिकटवलाय आणि किल्ली मोठ्या बाईंकडे आहे. येणारे जाणारे माझ्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवतात. चालायचंच.

पण काल पहिलीतलं एक पिल्लू आलं. टाचा उंचावून माझ्या फटीपाशी उभं राहिलं. मुठीत घामाने मऊ झालेला कागद होता. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कागद फटीला लावला. बाळा, मला तुला एवढंच सांगायचं होतं की माझ्यात टाकू नकोस. तो कागद तसाच मुठीत धर. ज्याला तोंडावर विचारू शकशील, आणि ऐकल्यावर जो तुझ्या शेजारी बसून राहील, असा माणूस शोध. सापडेपर्यंत कोणालाही देऊ नकोस.

कागद माझ्या तळाशी पडला. ते पिल्लू हलकं होऊन उड्या मारत वर्गात गेलं. तेवढ्यात मला कार्यालयातून मोठ्या बाईंचा आवाज ऐकू आला, "यंदाच्या वार्तापत्रासाठी पेटीत काही आलंय का, बघा बरं."