झेड नावाचं कपाट

सातपूरच्या आमच्या कारखान्यात नवा माणूस लागला की त्याला पहिल्याच दिवशी सांगायचे, "जयराम सरांच्या खोलीत दार वाजवून जा, आणि कपाटाला हात लावू नको." तो जयराम सर म्हणजे मी. तापट म्हणून माझी ख्याती होती आणि ती मी जपलीही होती. कपाट हिरवं, लोखंडी, आठ खणांचं. तीस वर्षांत मी काढलेला यंत्रांच्या भागांचा प्रत्येक नकाशा त्यात होता आणि किल्ली माझ्या खिशात. एखादं माप बदललं की मी नकाशा काढून कोपऱ्यात लाल शाईने 'सुधारणा दोन', 'सुधारणा तीन' असं लिहायचो. मग त्याची प्रत मोटारसायकलवरून एकलहऱ्याला, आमच्या दुसऱ्या शेडमध्ये जायची.

त्या शेडचा फोरमन झिपरू. लेथवर त्याचा हात असा की बघत राहावं, पण कागद जपायच्या नावाने आनंद. नवी प्रत आली तरी जुनी लेथखाली तेल पीत पडलेली असायची. दोन हजार सातच्या पावसाळ्यात त्याने अशाच जुन्या प्रतीवरून बावीस बुश, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या पोकळ नळ्या, कापले आणि बावीसच्या बावीस भंगारात गेले. आमचे मालक सावळीरामशेठ एरवी मवाळ माणूस, पण त्या दिवशी ते मला आणि झिपरूला समोरासमोर उभं करून ओरडले. मी झिपरूकडे बोट दाखवलं, झिपरूने मोटारसायकलकडे.

तेव्हा टायपिंगच्या टेबलावरून शुभांगी म्हणाली, "शेठ, मी काही करून बघू का?"

शुभांगी नाशिकरोडची. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामगार होते. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स पहिल्या नंबराने केलेली ही मुलगी आमच्याकडे चार वर्षं पत्रं टाइप करत होती. का, तर ड्रॉइंग बोर्ड एकच होता आणि त्यावर मी बसलेलो होतो. तिने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी "बघू" म्हणालो होतो, आणि माझ्या 'बघू'चा अर्थ सगळ्या कारखान्याला ठाऊक होता.

तिची कल्पना ऐकून मी हसलो. सगळे नकाशे कॉम्प्युटरवर घ्यायचे, एका फोल्डरमध्ये ठेवायचे आणि तो फोल्डर इंटरनेटच्या लायनीवरून एकलहऱ्याच्या कॉम्प्युटरला जोडायचा. तिकडे तो 'झेड' नावाचा ड्राइव्ह म्हणून दिसणार, जसा काही त्याच मशीनमध्ये आहे.

"म्हणजे सर, कपाट इथंच राहणार," ती मला समजावत म्हणाली, "फक्त त्याला एक दार तिकडं निघणार."

"आणि त्या दारातून झिपरू येऊन माझी मापं बदलणार!"

"नाही. तिकडून फक्त बघता येईल. बदलायची किल्ली तुमचीच."

खरं सांगतो, एवढं ऐकून मी निम्मा विरघळलो. पण शेठ व्यवहारी. ते म्हणाले, "तीन महिने बघू. या भानगडीत एक जरी नग वाया गेला, तर हे बंद, आणि तू परत टायपिंगला."

"आणि नाही गेला तर?" तिने विचारलं.

"तर ड्रॉइंगला तुझं टेबल," शेठ म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, हेही मला कळलं.

पुढचे तीन आठवडे ती माझ्या खोलीत होती. मी चिडायचो, ती वहीत लिहून घ्यायची. कुठला नकाशा चालू, कुठला मेलेला, हे तिने एकेक करून माझ्याकडून काढून घेतलं आणि मेलेले बाजूला ठेवले. मग ती दोन दिवस एकलहऱ्याला जाऊन बसली. परत आली तेव्हा फोल्डरांना नावं होती 'बाटली', 'टोपी', 'तिरकी बांगडी'. लेथवरची माणसं त्या भागांना याच नावांनी हाक मारत. मी तीस वर्षं त्यांना आकड्यांनी ओरडत होतो.

विजेचंही तिनेच बघितलं. एकलहऱ्यात वीज तयार होते आणि आमच्या शेडला मात्र रोज सकाळी भारनियमन, हा विनोद आम्ही फुकटात भोगत होतो. म्हणून तिने अशी सोय केली की वीज जाऊन इंटरनेटची लाइन तुटली तरी झेडची शेवटची प्रत तिकडच्या मशीनवर राहावी. लाइन आली की दोन्ही मशीन आपसात ताडून बघणार आणि जुनं असेल ते नवं करून घेणार. लाइन नसेल तर फाइलवर एक छोटी खूण दिसणार. झिपरूला तिने बजावलं, "मामा, खूण दिसली तर काम लावायचं नाही. आधी फोन करून सुधारणेचा आकडा विचारायचा. आकडा जुळला तरच लेथ फिरवायचा. नुसतं कोणाच्या तोंडी सांगण्यावर नाही, मग तो कोणीही असो."

मला ते जरा झोंबलं. तो 'कोणीही' कोण, हे मला समजत होतं.

अडीच महिने सगळं सुरळीत चाललं. मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. यंत्रं पुसून हळदकुंकू लावायचं आणि दिवसभर कशालाही हात लावायचा नाही. शुभांगी रजेवर होती. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून घरी पिशव्या भरत होती. सकाळी नऊला एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांचा पंप बंद पडला होता, संध्याकाळपर्यंत बुश हवाच होता, आणि घासलेला शाफ्ट त्यांनी कातून बारीक केल्यामुळे बुशचं भोक आता बहात्तर नव्हे, एकाहत्तर पूर्णांक चार मिलिमीटर हवं होतं. अडल्यावेळी देवही समजून घेतो म्हणून मी माप बदललं, 'सुधारणा चार' टाकलं आणि झिपरूला काम लावायला सांगितलं. बुश ज्यातून कापायचा ते ओतकाम एकच शिल्लक होतं. ते बिघडलं तर दुसरं चार दिवसांनी.

साडेनऊला पूजा. बोर्ड, गुण्ये, पेनं मांडली, आणि यंदा शेठनी कॉम्प्युटरलाही हार घालायला सांगितलं. हार घातला. आजच्या दिवशी हत्यार चालू कसं ठेवायचं, म्हणून मी यूपीएसचं बटण बंद केलं, वर प्लगही ओढला. नमस्कार केला.

एकलहऱ्याची वीज दहाला आली. सव्वादहाला झिपरूचा फोन. मी प्रसादाचे पेढे वाटत होतो.

"साहेब, ती खूण दिसून राह्यली. नकाशा जुना तर नाय ना?"

"मी स्वतः बदललाय नऊ वाजता! घाल लेथवर."

"पन पोरीनं आकडा इचाराया सांगितलंय..."

"पोरीनं! मी सांगतोय ना?" म्हणून मी फोन ठेवला.

दहा मिनिटांत पुन्हा फोन. या वेळी शुभांगी. मागे प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"सर, तुमच्याकडं कितवी सुधारणा?"

"चौथी."

"झिपरूमामांचा फोन होता. त्यांना तिसरी दिसतेय."

मी पेढ्यांचा डबा खाली ठेवला.

"सर," ती हळूच म्हणाली, "कॉम्प्युटर चालू आहे ना?"

मी मान वळवली. काळ्या पडद्यावर झेंडूचा हार लटकत होता. तिकडे वीज यायच्या आतच कपाट मीच बंद केलं होतं, आणि तिकडच्या दारात उभ्या माणसाला मीच ओरडून सांगितलं होतं की आत जे आहे ते घे.

"झिपरूने कापलं?" मी कसंबसं विचारलं.

"नाही. ओतकाम बाजूला ठेवून बसलेत. तुम्ही प्लग लावा, मी त्यांना थांबायला सांगते."

मी हार काढला, देवाची क्षमा मागितली आणि प्लग लावला. लाइन जोडली गेली. थोड्या वेळाने झिपरूचा आवाज आला, "चार दिसतंय साहेब, एकाहत्तर पॉइंट चार. लावू का?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला "लावा" म्हणालो. बुश चारला तयार झाला आणि शाफ्टवर असा बसला की झिपरूने स्वतःच फोन करून सांगितलं.

आम्हा तिघांशिवाय कोणालाच काही कळलं नव्हतं. गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. पण नग वाया गेला असता, तर शेठनी कोणाला टायपिंगला पाठवलं असतं, हे माझ्या डोक्यातून जाईना. ती रजेवर असताना, माझ्या हाताने, तिचं टेबल गेलं असतं. दसऱ्यानंतर मी शेठना सगळं सांगितलं. प्लग मी ओढला, कापायला मी सांगितलं, आणि वाचवलं तिने घालून दिलेल्या शिस्तीने. आपण एवढा हुशार माणूस चार वर्षं पत्रं टाइप करायला ठेवला, असंही म्हणालो. 'आपण' म्हणालो खरा, पण शेठना कळलं.

शुभांगी नागपूरहून आली तेव्हा माझ्या खोलीत खिडकीकडे दुसरं टेबल लावलेलं होतं. तिने बॅग ठेवली आणि टेबलावरून हात फिरवला. मी घसा खाकरला.

"आणि ऐक. त्या झेडची किल्ली आता तुझ्याही नावावर कर. बदल तूही करायचेस."

ती खाली बघून जराशी हसली. "सर, ते सगळं मीच मांडलंय ना. मला पहिल्या दिवसापासून उघडतं."

"मग कधी हात कसा लावला नाहीस?"

"तुम्ही बोलावलं नव्हतं," ती म्हणाली.

मी हिरव्या कपाटाची किल्ली खिशातून काढली आणि तिच्या टेबलावर ठेवली.