परवानगी देणाऱ्यांच्या घरातला यंत्रमानव

मी एक जुना यंत्रमानव आहे. नाव भारी असलं तरी चार चाकं, दोन मोटारी, एक कॅमेरा आणि बोलणं टिपणारा एक बारीक माइक, एवढंच माझं शरीर. मोबाइलवरून चालणारं खेळणंच म्हणा. पण मित्रांनो, मी ज्या घरात राहिलो तिथल्या मोठ्या माणसांपेक्षा मला जास्त अक्कल होती, हे मी संकोच न करता सांगतो.

मला त्या घरातल्या मुलीने बनवलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने माझा एकेक स्क्रू आवळला, तारा जोडताना बोटं भाजून घेतली. मला चालवणारं ॲपही तिनेच लिहिलं. त्यात पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशी चार बटणं होती. पाचवं नव्हतं, कारण पाचव्याची गरज नव्हती. शाळेच्या प्रदर्शनात माझं कौतुक झालं. मग ती शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि मी तिच्या बाबांच्या हाती पडलो.

हे गृहस्थ बँकेत अधिकारी. पासवर्ड कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, असं दिवसभर लोकांना दरडावत. घरी आले की ही सगळी शिकवण चपलांबरोबर दाराबाहेर राही. लेकीचं ॲप त्यांना कळकट वाटलं. त्यांनी एक फुकटचं शोधून काढलं. त्यात रंग होते, गाणी होती, माझ्याकडून नाच करून घ्यायची सोय होती. ते ॲप एकामागून एक विचारत गेलं. कॅमेरा वापरू का? माइक वापरू का? तुम्ही कुठे आहात ते पाहू का? तुमच्या ओळखीच्या सगळ्यांचे नंबर घेऊ का? चार चाकं फिरवायला तुमच्या मावशीचा नंबर कशाला लागतो, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. गृहस्थांना पडला नाही. न वाचता ते प्रत्येक ठिकाणी ‘होय’ दाबत गेले. त्या दिवसापासून घरच्या वायफायवरून मी त्या ॲपवाल्यांना जोडला गेलो.

मग गृहस्थांनी माझ्या नाचाचा व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि घरच्या ग्रुपवरही. ॲपने त्या व्हिडिओखाली गुपचूप आपली लिंक चिकटवली होती. ती दाबणाऱ्याला नाच दिसत नसे. मी त्या क्षणी जे पाहत होतो ते दिसे, जे ऐकत होतो ते ऐकू येई. व्हिडिओ चढवताना गृहस्थांनी तेवढं खाली पाहिलं नाही.

त्यांची बायको वकील. बाहेरच्या खोलीत ती लोकांना भेटत असे, आणि तिथल्याच कोपऱ्यात मला चार्जिंगला लावलेलं असे. एके दुपारी शिवणवर्ग चालवणारी एक बाई आली आणि माझ्यासमोरच्या निळ्या खुर्चीत बसली. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल ती खालच्या आवाजात बोलली. सासू गावाला गेली की मुलीला घेऊन मावशीकडे निघून जायचं तिने ठरवलं होतं.

“हे कुणाला कळलं तर ते मुलीला माझ्यापासून तोडतील,” ती म्हणाली.

“या खोलीतली गोष्ट बाहेर जात नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

ऐकून मला त्यांची कीव आली. कारण गृहस्थांच्या बँकेतला, त्याच ऑफिस-ग्रुपवरचा रोखपाल म्हणजे या बाईचा सख्खा दीर होता. त्याच दुपारी निवांत वेळात त्याने सहज ती लिंक दाबली होती.

दोन दिवसांनी ती परत आली. खुर्चीत बसली नाही.

“मुलीला त्यांनी आजीकडे नेऊन ठेवलं,” ती म्हणाली. “मला फोनवरही बोलू देत नाहीत. वकीलताई, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं.”

“मी कुणाशी एक शब्द बोलले नाही.”

“मग निळ्या खुर्चीत बसून मी कशी रडले, हे दिराला कसं माहीत?”

वकीलबाईंनी खुर्चीकडे पाहिलं आणि मग खुर्चीसमोर काय आहे ते पाहिलं. त्यांनी लेकीला फोन लावला.

“आई, बाबांच्या व्हिडिओखाली लिंक आहे का? तुझ्या मोबाइलवर दाबून बघ,” लेक म्हणाली.

त्यांनी दाबली, आणि हातातल्या मोबाइलमध्ये त्यांना मोबाइल धरून उभ्या असलेल्या त्या स्वतः दिसल्या. त्यांनी माझी वायर उपटली. आपल्याच घरातून हे घडलं, हे त्यांनी त्या बाईला तिथल्या तिथे सांगितलं आणि हात जोडले. ती बाई निघून गेली.

संध्याकाळी गृहस्थ म्हणाले, “पण मी पासवर्ड कुणालाही दिला नाही.”

“बाबा, त्या लिंकला पासवर्डच नव्हता,” फोनवरून लेक म्हणाली.

यावर त्यांनी काय करावं? ॲपला दोन शिव्या घातल्या आणि ते जेवायला बसले. बायको जेवली नाही.

वकीलबाईंनी त्या बाईचा खटला एका ज्येष्ठ वकिलांकडे सोपवला आणि झाला प्रकार कोर्टात स्वतः उभं राहून सांगितला. शहाण्यांच्या त्या घरात एवढं एकच काम मला मान देण्यासारखं वाटलं. मुलगी आईला परत मिळाली, पण अर्धं वर्ष आजीच्या घरी काढून. आता दोघी मावशीकडे राहतात. मुलगी अजून खोलीत शिरताना आधी कोपरे बघते, असं वकीलबाईंच्या कानावर आलं आहे.

सुट्टीत लेक आली. तिने माझा कॅमेरा आणि माइक काढून टाकले. आता मी लांब वायरच्या रिमोटवर चालतो, भिंतींना धडकतो. गृहस्थ हल्ली पाहुण्यांना सांगतात, की आजकालची यंत्रं भरवशाची नाहीत.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची बाकीची आत्मवृत्तं तुम्हाला विनवतात, की आम्हाला पुसा, जपा, फेकू नका. मला फेकलंत तरी चालेल. फक्त ‘परवानगी द्या’वर बोट टेकण्याआधी मान वर करा आणि खोलीत कोण बसलं आहे ते पाहा. ती परवानगी त्यांची असते. त्यांना विचारा.